तिथी कोणती? शोक आणि प्रेम यांची संथ रहस्यकादंबरी नाशिकच्या भूमीवर कशी रचावी

शोक आणि प्रेम यांची गोष्ट सांगणारी, हळूहळू तापत जाणारी रहस्यकादंबरी लिहायची असेल, तर आधी एक प्रश्न शोधावा लागतो. तपास करणाऱ्याला त्याचे उत्तर हवे असले पाहिजे आणि शोक करणाऱ्यालाही त्या उत्तरावाचून पुढे जाता येता कामा नये. ‘खून कोणी केला’ हा पोलिसांचा प्रश्न असतो. घरच्या माणसाला पहिल्या काही दिवसांत तो सुचतही नाही. ‘शेवटच्या क्षणी त्याला माझी आठवण आली असेल का’ हा घरच्या माणसाचा प्रश्न असतो, पण त्याच्यावर तपास उभा राहत नाही. या दोहोंच्या मधे पुष्कळ हस्तलिखिते दुभंगतात. एका प्रकरणात धावपळ आणि पुढच्या प्रकरणात रडणे असे होत गेले की वाचक रडण्याची पाने उलटून धावपळीकडे जातो, आणि ज्या दुःखासाठी लेखकाने लिहायला घेतले होते तेच वाचले जात नाही.

पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या संस्करणापर्यंतचे काम मी येथे एका कल्पित कथानकाच्या आधाराने मांडत आहे. कथानक कल्पित आहे. त्यातली गोदावरी, पूर, पंचांग, घाट आणि कायदा मात्र खरे आहेत. रहस्य या खऱ्या गोष्टींतून कसे काढावे, हेच मला सांगायचे आहे.

पहिली पायरी: दोघांचा एकच प्रश्न

पंचवटीतला एक जुना वाडा घ्या. घरात सासू आणि दोन जावा आहेत. धाकटी ही आपली नायिका. थोरल्या जावेचा नवरा २०११ साली घरातून निघून गेला आणि परतला नाही. ४ ऑगस्ट २०१९ रोजी गोदावरीला मोठा पूर आला होता. नायिका दुसऱ्या दिवशीच्या नागपंचमीसाठी माहेरी, येवल्याला गेलेली होती. त्या रात्री तिचा नवरा घरी आला नाही, आणि तीन दिवसांनी निफाड तालुक्यात, सायखेड्याच्या बाजूला त्याचा मृतदेह सापडला. पूर पाहायला गेला आणि पाय घसरला, असे सर्वांनी मानले.

दहाव्याची तयारी चालू असताना गुरुजी सरळपणे विचारतात, “तिथी कोणती धरायची?” आणि घरातल्या कोणालाही उत्तर देता येत नाही. सापडला त्या दिवसाची तिथी धरावी, की पुराच्या दिवसाची? तिथी ठाऊक नसेल त्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करण्याची सोय शास्त्रात आहे, आणि गुरुजी तीच सुचवतात. नायिकेला ते सोसत नाही. ज्यांचा मृत्यू केव्हा झाला हे कोणालाच माहीत नाही, अशांच्या गर्दीत आपल्या माणसाला बसवायला तिचे मन तयार होत नाही. तो केव्हा गेला, हे तिला कळलेच पाहिजे.

पोलिसी तपासाच्या दृष्टीने ‘मृत्यूची वेळ’ आणि घराच्या दृष्टीने ‘तिथी’ ही एकच गोष्ट आहे. म्हणून नायिकेला गुप्तहेर बनवण्याची गरज उरत नाही. ती जे काही विचारते ते बायको म्हणून विचारते, आणि तिला तसे विचारण्याचा हक्क कोणी नाकारू शकत नाही. आपल्या कादंबरीसाठी असा प्रश्न सापडेपर्यंत पहिले प्रकरण लिहायला घेऊ नये. कित्येकांना इथे महिने लागतात आणि ते लागू द्यावेत.

दुसरी पायरी: खरी घटना स्वतःसाठी लिहून काढणे

कादंबरीच्या आधी, कादंबरीत कधीही न जाणारी दहा-पंधरा पाने लिहावीत. त्या दिवशी प्रत्यक्षात काय घडले ते सकाळपासून रात्रीपर्यंत, क्रमाने, ज्याच्या हातून घडले त्याच्या बाजूने त्यांत यावे.

आपल्या कथानकात ती व्यक्ती थोरली जाऊ आहे. कुटुंबाची शेती सिन्नर तालुक्यात आहे आणि तिचा काही भाग समृद्धी महामार्गात गेलेला आहे. बेपत्ता भावाची सही नसल्यामुळे त्याच्या वाट्याचे पैसे अडकून पडले आहेत. सात वर्षे उलटली आहेत, मुलगी कॉलेजात जाण्याच्या वयाची झाली आहे, आणि नवऱ्याला कायद्याने मृत ठरवून घ्यावे असे थोरलीने मनाशी ठरवले आहे. धाकटा दीर, म्हणजे नायिकेचा नवरा, मात्र काही ना काही कारण काढून अर्जावर सही करायचे टाळतो आहे, कारण भाऊ जिवंत असल्याचे त्याला कळलेले आहे. भावाने दुसरीकडे संसार मांडलेला आहे, आणि हे वहिनीला सांगायचे धैर्य त्याला होत नाही. पुराच्या दिवशी तो अखेर सांगतो. पाण्याच्या काठाशी, गर्दीपासून थोडे बाजूला त्यांचे बोलणे होते, त्याचा तोल जातो आणि तिच्या हातात आलेला त्याचा हात ती सोडते. तो सुटला की तिने सोडला, हे तिचे तिलाही नीट ठाऊक नाही.

अपराध्याचे कारण त्याच शोकातून यावे, असा माझा आग्रह आहे. बाहेरचा बिल्डर, गुंड किंवा लोभी चुलतभाऊ आणला की रहस्य सुटते, पण शोकाशी त्याचे नाते तुटते आणि अखेरची शंभर पाने दुसऱ्याच कादंबरीची वाटू लागतात. वाचकाने जिच्या हातचा चहा पहिल्या प्रकरणापासून पाहिला आहे, तिच्यापाशीच उत्तर असले पाहिजे.

तिसरी पायरी: वर्ष ठरवणे आणि त्या वर्षाशी प्रामाणिक राहणे

या पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि कथानकाचा सर्वांत मोठा लाभही येथेच होतो. खऱ्या पुराचे वर्ष घेतले की त्या वर्षातले बाकीचे सगळेही घ्यावे लागते.

४ ऑगस्ट २०१९ हा रविवार होता. म्हणजे त्या दिवशी नवरा ऑफिसला निघाला होता असे लिहिता येणार नाही. त्याच्या घराबाहेर असण्याला दुसरे कारण द्यावे लागेल. दुसऱ्या दिवशी नागपंचमी आणि श्रावणी सोमवार होता, म्हणून बायकोचे माहेरी असणे आपोआप खरे वाटते. ४ तारखेला सूर्योदयाच्या वेळी श्रावण शुद्ध चतुर्थी होती आणि ५ तारखेला पंचमी. मधे तिथी नेमकी केव्हा पालटली, ते त्या वर्षीच्या पंचांगात मिनिटांसह छापलेले असते. मृत्यूची खरी वेळ त्या क्षणाच्या आधी आणि सांगितलेली खोटी वेळ त्या क्षणानंतर ठेवावी. खोटे बोलणाऱ्या व्यक्तीच्या ध्यानीमनी नसताना तिचे खोटे मृताची तिथी बदलून टाकते.

आता पुढच्या वर्षात जा. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली, रेल्वेगाड्या थांबल्या, आणि ज्या वाड्यात शोध घेणारी आणि लपवणारी अशा दोन बायका राहतात, त्याचा दरवाजा महिनोन्महिने बंद राहिला. एरवी लेखकाला अशी कोंडी ओढूनताणून घडवावी लागते. येथे ती इतिहासाने दिलेली आहे. वर्षश्राद्धही याच काळात येते. २०२० मध्ये नागपंचमी २५ जुलैला होती आणि चतुर्थी आदल्या दिवशी, २४ जुलैला. इंग्रजी तारखेने मात्र वर्ष ४ ऑगस्टला भरते. चतुर्थी की पंचमी हे ठरले की घरात श्राद्धाचा स्वयंपाक कोणत्या दिवशी होणार तेही ठरते. श्राद्धाचा दिवस काढताना अपराह्णकाळी कोणती तिथी आहे हेही पाहतात, म्हणून असा प्रसंग लिहिण्यापूर्वी जाणत्या गुरुजींसमोर पंचांग ठेवून दिवस पक्का करून घ्यावा.

कायद्याचेही वर्ष असते. २०१९ मधली अकस्मात मृत्यूची नोंद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होईल. कथानक १ जुलै २०२४ नंतरचे असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ लागेल. सात वर्षे ज्याची काहीच वार्ता नाही तो मृत असल्याचे गृहीतक पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये होते आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. सात वर्षे भरली की आपोआप कागद मिळतो असे मात्र दाखवू नये. त्यासाठी न्यायालयात जावे लागते, आणि माणूस जिवंत असल्याची बातमी ज्यांना एरवी कळली असती अशा जवळच्यांची साक्ष तिथे महत्त्वाची ठरते. नेमकी तीच साक्ष धाकटा भाऊ देऊ शकत नव्हता. कायद्यातली ही एवढीशी अट आपल्या कथानकाचा कणा आहे.

चौथी पायरी: एका स्वयंपाकघरातले दोन शोक

शोकाच्या पाच अवस्थांचा आराखडा समोर ठेवून पात्र चालवू नये. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या अवस्था मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांवरून. मागे राहिलेल्यांच्या दुःखाला त्या पुढे लावल्या गेल्या. नकार, राग, सौदा अशा क्रमाने चालणारी नायिका पुढचे पान वाचण्याआधीच कळते, आणि रहस्यकथेत तेवढे पुरे असते वाचक निसटायला. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना कादंबरीकाराच्या अधिक उपयोगाची आहे. शोक करणारा माणूस दुःखाकडे जातो आणि तिथून जगण्याच्या कामाकडे परततो, एकाच दिवसात अनेकदा. सकाळी बँकेत वारसनोंदीचा अर्ज भरताना नायिका अगदी शांत आणि व्यवहारी असते, आणि दुपारी गॅसचा नंबर लावताना नवऱ्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी पाहून तिला उभे राहवत नाही. तपासाची लय याच ये-जा करण्यातून घ्यावी. ती कामाकडे वळते तेव्हा धागा पुढे सरकतो. दुःखाकडे वळते तेव्हा त्याच धाग्याचा अर्थ बदलतो.

थोरल्या जावेचा शोक वेगळ्या जातीचा आहे. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने बेपत्ता माणसांच्या कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले की ज्याचा शेवट ठाऊक नाही अशा वियोगात माणूस गोठून राहतो, कारण रडणे हा विश्वासघात वाटतो आणि वाट पाहणे हा वेडेपणा. बेपत्ता माणसाची बायको आठ वर्षे मंगळसूत्र घालते, हळदीकुंकवाला जाते, आणि परतल्यावर कोणाशी बोलत नाही. त्याच घरात नायिकेच्या गळ्यातले मंगळसूत्र दहाव्याला उतरते. दोघी शेजारी बसून भाजी निवडतात. एकीला सगळ्यांची सहानुभूती, सांत्वनाला येणारी माणसे आणि बारा महिन्यांचे विधी मिळालेले आहेत. दुसरीला आठ वर्षांत यातले काहीच मिळाले नाही. थोरलीच्या मनात धाकटीविषयी जे आहे त्यात माया आहे आणि हेवाही आहे, आणि हा हेवा एका वाक्यातही स्पष्ट न सांगता तीनशे पाने जिवंत ठेवणे हे लेखनातले सर्वांत अवघड काम आहे. मला विचाराल तर ही कादंबरी लिहिण्यासारखी आहे ती याच दोघींसाठी.

सासूचा शोक थोडक्यात दाखवावा. एक मुलगा गेला आणि एक आहे की नाही ते माहीत नाही, अशा बाईला फार बोलायला लावू नये.

पाचवी पायरी: मेलेल्या माणसाला पात्र करणे

नवरा पहिल्या पानाआधीच गेलेला आहे, आणि तरी वाचकाचे त्याच्यावर प्रेम बसले पाहिजे. ‘तो फार चांगला होता’ हे इतरांच्या तोंडी घालून ते होत नाही. त्याच्या सवयी, त्याचे हस्ताक्षर, इतरांच्या आठवणींतला त्याचा वेगवेगळा चेहरा आणि त्याचे खोटे यांतून तो उभा राहतो. यांपैकी खोटे सर्वांत बळकट असते. चांगल्या माणसाने खोटे का सांगितले, हे कळेपर्यंत वाचक त्याला सोडत नाही.

फ्लॅशबॅक कमी ठेवावेत. भूतकाळातला गोड प्रसंग सविस्तर रंगवला की तपास थांबतो आणि वाचकाला ते जाणवते. त्यापेक्षा वर्तमानातली एखादी वस्तू किंवा कृती आपल्याबरोबर आठवण घेऊन येऊ द्यावी: त्याने येवल्याहून येताना घेतलेल्या साडीची पावती, किराणा यादीत ‘साबूदाणा’च्या पुढे काढलेले प्रश्नचिन्ह, कारण उपास तिचा असायचा आणि खायचा तो.

नायिकेच्या मनात संशय येण्याचा काळही प्रेमाचाच भाग आहे. नवऱ्याचे बाहेर काही होते का, हा विचार तिच्या मनात येईल आणि यावा. ती चिडेल, त्याच्या फोटोला हार घालणार नाही, सासूशी तुटक बोलेल. तिला पहिल्याच वर्षात नवा प्रेमी देण्याचा मोह पुष्कळांना होतो आणि मी तो टाळण्याचा सल्ला देईन. या कादंबरीत प्रेमाची वाढ गेलेल्या माणसाच्या दिशेनेच व्हायला हवी. लग्नात जितका कळला नव्हता तितका तो तिला या वर्षात कळतो.

सहावी पायरी: धागेदोरे त्या भूमीतून काढणे

चांगला धागा दोनदा वाचता आला पाहिजे. पहिल्यांदा तो शोकाचा तपशील वाटावा आणि नंतर तोच पुरावा ठरावा. आपल्या कथानकातले धागे येथे जरा विस्ताराने पाहतो.

नवरा मुंबईला नोकरी करतो आणि मासिक पासवर पंचवटी एक्स्प्रेसने रोज ये-जा करतो. या गाडीतल्या पासधारकांचे आपसांत कुटुंबासारखे संबंध असतात. त्याच्या डब्यातले लोक भेटायला येतात, चहा घेतात, आणि उठता उठता एक जण म्हणतो, “बुधवारी तर ते नसायचेच, पण गुरुवारी हमखास जागा धरून ठेवायचे आमच्यासाठी.” बाकीचे माना डोलावतात. नायिका त्याला दर बुधवारी पहाटे डबा भरून देत होती. ती त्या क्षणी काही विचारत नाही. वाचकानेही ते वाक्य सांत्वनाच्या ओघात ऐकून पुढे जावे अशा जागी ते ठेवावे.

दुसरा धागा रामकुंडावरचा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही, आणि घरचे एकेक जण पुढे होऊन हात जोडतात. मुलाचे शिक्षण करू, आईला सांभाळू, काळजी करू नको. हा प्रसंग मराठीत अनेकांनी लिहिलेला आहे, म्हणून तो केवळ हृदय हलवण्यासाठी पुन्हा लिहू नये. येथे त्याच्यावर वेगळे ओझे टाकता येते: सगळे बोलतात आणि थोरली जाऊ बोलत नाही. अखेर गुरुजी दर्भाचा कावळा करून विधी पूर्ण करतात. वाचकाला तिचे गप्प राहणे दुःखाचे वाटते, आणि ते दुःखाचे आहेही.

तिसरा धागा फक्त तीर्थक्षेत्रातच मिळू शकतो. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नामावळ्या असतात. कोणत्या गावचे कोण केव्हा आले, कोणाचे विधी केले, याच्या नोंदी त्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या आहेत आणि येणारा माणूस कित्येकदा स्वतःच्या हाताने नाव लिहितो. नवऱ्याचे नाव लिहून घेण्यासाठी नायिका उपाध्यायांकडे जाते आणि पान उघडल्यावर तिला वरच्याच ओळीत थोरल्या दिरांची सही दिसते. खाली साल आहे २०१५. चार वर्षे बेपत्ता असलेला माणूस वडिलांच्या श्राद्धासाठी गुपचूप येऊन गेला होता. हा धागा मध्यावर ठेवावा. तोपर्यंत कादंबरी एका मृत्यूची असते. येथून पुढे ती दोन भावांची होते.

चौथा धागा म्हणजे पुराचे घड्याळ. नाशिकची माणसे पुराची उंची नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: गुडघ्याला लागले, कमरेला आले, छातीपर्यंत चढले. साक्षीदाराला किती वाजले होते ते आठवत नाही, कारण पूर पाहायला गेलेला माणूस घड्याळ पाहत नाही. पण पाणी मारुतीच्या छातीला होते तेव्हा ते दोघे गल्लीच्या तोंडाशी बोलत उभे होते, हे त्याला पक्के आठवते. त्या दिवशीची छायाचित्रे, गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग केव्हा सोडला याच्या बातम्या आणि होळकर पुलापाशी मोजलेला प्रवाह यांवरून ‘छातीला’ म्हणजे किती वाजता हे काढता येते. लेखकाने ते आधी स्वतः काढावे. १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी दैनिकांचे जुने अंक चाळावेत, आणि धरणातून सोडलेले पाणी रामकुंडापर्यंत यायला किती वेळ लागतो ते जलसंपदा विभागातल्या माहीतगाराला विचारावे. साक्षीत ‘ते दोघे’ आहे हे नायिकेला लगेच जाणवू नये. तिचे सगळे लक्ष वेळेकडे असते.

पाचवा धागा मला सर्वांत प्रिय आहे. येवल्याहून धावत आलेल्या नायिकेला थोरली जाऊ मिठी मारून सांगते, “जेवून गेला गं तो. नऊला गरम पोळी वाढली मी.” या एका वाक्यावर नायिका आणि सासू कित्येक आठवडे तरतात. तो उपाशी गेला नाही, हे सांत्वन मराठी घरात किती मोठे असते ते सांगायला नको. आणि शवविच्छेदन अहवालात, इंग्रजीत लिहिलेल्या अनेक ओळींमधे, जठर रिकामे असल्याची नोंद आहे. अहवाल विम्याच्या कामासाठी तिच्याकडे महिन्यांपासून पडून आहे, आणि ती तो वाचू शकत नाही, कारण त्यात त्याच्या शरीराचे वजन आणि मोजमाप आहे. ज्या दिवशी ती तो वाचायचे धैर्य करते, त्या दिवशी रहस्य फुटते. शोकाने तिला अडवले होते. शोकातून ती पुढे सरकल्यावरच तपास पुढे सरकला. जावेचे खोटे एकाच वेळी दया होते आणि बचावही होता, आणि त्यातला कुठला हेतू आधीचा, हे कादंबरीनेही ठरवून टाकू नये.

चकवे द्यायचेच असतील तर प्रत्येक चकव्याच्या शेवटी दुसऱ्या कोणाचे तरी खरे दुःख सापडले पाहिजे. बुधवारच्या गैरहजेरीवरून आलेला संशय नायिकेला एखाद्या स्त्रीच्या दाराशी नेतो, आणि ती स्त्री बेपत्ता दिरांची दुसरी बायको निघते. चकवा संपला तरी ते दार वाचकाच्या मनात उघडेच राहते.

सातवी पायरी: संथपणा बांधून काढणे

संथ म्हणजे घटना कमी, असा समज करून लिहिलेल्या कादंबऱ्या कंटाळवाण्या होतात. घटना छोट्या असाव्यात, पण प्रत्येकीनंतर कोणाला तरी आधी माहीत नसलेले काही कळलेले असावे. यासाठी एक वही करावी. प्रत्येक प्रकरणासमोर तीन रकाने आखावेत: नायिकेला काय माहीत, थोरलीला काय माहीत, वाचकाला काय माहीत. तिन्ही रकान्यांत काहीच बदललेले नसेल तर ते प्रकरण, कितीही सुंदर लिहिलेले असो, काढावे किंवा शेजारच्या प्रकरणात मिसळावे. वाचक नायिकेच्या पुढे जातो ती जागा जपून निवडावी. आपल्या कथानकात ती टाळेबंदीच्या सुरुवातीला यावी: वाचकाला थोरलीचा संशय आलेला आहे, नायिकेला नाही, आणि दोघी एका ताटलीत लोणचे वाढून घेत आहेत. तिथून पुढे काहीही घडले नाही तरी पान उलटले जाते.

कालाचे विभाग घराच्या दिनदर्शिकेवर बसवावेत. दहावा, तेरावा, पितृपक्ष, पहिली दिवाळी जिला घरात फराळ होत नाही, संक्रांत जिला नायिका वाण घ्यायला जात नाही, टाळेबंदी आणि वर्षश्राद्ध. सुरुवातीला दिवसाला एक प्रकरण, मग आठवड्याला, मग महिन्याला, आणि मार्चनंतर पुन्हा दिवसादिवसाचे. शोकात काळ असाच आधी दाट आणि मग विरळ होतो.

प्रकरणाचा शेवट धक्क्यावर करण्याची सवय मोडावी. कोणीतरी दार वाजवले, फोनवर अनोळखी आवाज आला, असे शेवट दोनदा चालतात. एखादे नेहमीचे काम अर्ध्यावर सोडून पात्र उठून जाते, तेवढे पुरते.

आठवी पायरी: स्थळे आणि खाती

स्थळांची यादी करू नये. द्राक्षमळे, पांडवलेणी, सोमेश्वर सगळे एका कादंबरीत आले की ती पर्यटनपुस्तिका होते. रंगपंचमीला उघडणारी पेशवेकालीन रहाड, म्हणजे रंगाचा हौद, ही रहस्यकथेसाठी फार मोहक जागा आहे, वर्षभर मातीखाली बंद आणि एका दिवसापुरती खुली. पण तिच्यात काही सापडले असे दाखवले तर या कादंबरीचा आवाज एकदम चढेल. मी ती फक्त ओलांडून जाऊ देईन.

पोलिसांविषयी दोन गोष्टी पक्क्या असाव्यात. पंचवटी नाशिक शहर पोलीस आयुक्तालयात येते आणि सायखेडा नाशिक ग्रामीणमध्ये. माणूस एका हद्दीत हरवला आणि दुसऱ्या हद्दीत सापडला, म्हणून कागद दोन ठिकाणी असतात आणि ते जुळवणारे माणूस नायिकाच असते. यासाठी कोणाला भ्रष्ट किंवा आळशी दाखवावे लागत नाही. दुसरे, बुडून मृत्यू झाला का हे ठरवण्यासाठी हाडांच्या मगजात डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचा शोध घेतात. पाण्यात पडताना माणूस श्वास घेत होता का याचा त्यावरून अंदाज येतो. पडला, ढकलला की हात सुटला, हे मात्र कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. कादंबरीचे शेवटचे उत्तर विज्ञानाच्या हाती नाही, हे तपासी अंमलदाराच्या तोंडून एकदा साध्या शब्दांत येऊ द्यावे.

नववी पायरी: उलगडा

आरोप, कबुली आणि अश्रू असा प्रसंग लिहू नये. जुलै २०२० मध्ये वर्षश्राद्ध जवळ येते. घरात सगळे पंचमी धरून चाललेले आहेत, कारण नऊला तो जेवला होता. नायिका भांडी पुसता पुसता म्हणते, “ताई, श्राद्ध चोवीसला करू या. चतुर्थीला.” एवढेच. त्या वाक्यात तिला वेळ ठाऊक आहे, जेवण झाले नव्हते हे ठाऊक आहे, आणि कोण सोबत होते हेही ठाऊक आहे. सासू विचारते, असे का, आणि दोघींपैकी कोणी उत्तर देत नाही. या प्रसंगापर्यंत येण्यासाठी तिथीचा विषय आधी निदान तीन वेळा, वेगवेगळ्या निमित्ताने येऊन गेलेला असावा. नाहीतर वाचकाला येथे थांबून समजावून सांगावे लागेल आणि प्रसंग मोडेल.

पुढे नायिका पोलिसांकडे जाते की नाही, हा निर्णय लेखकाचा आहे, पण तो टाळू नये. अनिश्चित शेवट फक्त हाताच्या बाबतीत ठेवावा. गेली तर सासूचे आणि पुतणीचे काय होते ते दाखवावे लागेल. नाही गेली तर दोघी त्याच स्वयंपाकघरात पुढे कशा राहतात ते दाखवावे लागेल. मला दुसरा मार्ग अधिक कठीण आणि म्हणून अधिक लिहिण्याजोगा वाटतो. आणि काही झाले तरी तिच्या नवऱ्याविषयी दिराने सांगितलेले खरे होते, हे थोरलीला पानावर कळलेच पाहिजे, सहीसह. तिच्या शोकालाही उत्तर मिळण्याचा हक्क आहे.

दहावी पायरी: संस्करण

पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर तो बाजूला ठेवावा, आणि परत हातात घेतल्यावर दोन वेळा दोन वेगळ्या नजरांनी वाचावा. पहिल्या वाचनात फक्त थोरली जाऊ पाहावी. तिचे प्रत्येक वाक्य तिला सत्य माहीत आहे असे धरून खरे वाटते का, हे तपासावे. ती एकटी असताना लेखकाने तिच्या मनातले लपवले असेल तर ती फसवणूक आहे, आणि तो उतारा बाहेरून, तिच्या कृतींतून पुन्हा लिहावा. दुसऱ्या वाचनात फक्त तारखा, वार, तिथी आणि पाण्याची उंची पाहावी.

मग हस्तलिखित तीन माणसांना द्यावे. एक जण रहस्यकथा भरपूर वाचणारा असावा; त्याने उत्तर कोणत्या पानावर ओळखले ते लिहून ठेवायला सांगावे, आणि ते नामावळीच्या प्रसंगाआधी असेल तर सुरुवातीचे धागे सैल करावेत. दुसरी व्यक्ती घाटावरच्या विधींची जाणकार असावी. तिसरी, शक्य असेल तर, जिने जवळचे माणूस गमावले आहे अशी असावी. तिची संमती आधी घ्यावी, कोणत्या प्रसंगांत काय आहे ते आधी सांगावे, आणि तिने जिथे वाचणे थांबवले त्या पानाविषयी तिला कारण न विचारता ते पान स्वतः पुन्हा वाचावे.